बिनखताचं हीथ

ऑस्ट्रेलियाहून परत आल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. कांगारू पाहिला का, आणि थंडी किती असते. कांगारू पाहिले, ढिगाने पाहिले. आणि जुलैत थंडी इतकी असते की सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडावं लागतं. एवढं ऐकलं की सातारकरांचं समाधान होतं आणि बोलणं नळाच्या पाण्याच्या वेळांवर येतं. पण मी तिकडे ज्याच्यासाठी चार तास गाडीत बसून गेले ते होतं गुडघ्याएवढं, टोचऱ्या पानांचं, वासाचं नाव नसलेलं एक झुडूप. त्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून मीच आपण होऊन सांगते.

त्याच्या भाऊबंदांपैकी एकाचं नाव मी पहिल्यांदा कॉलेजात ऐकलं. इंग्रजीच्या पुस्तकात स्कॉटलंडच्या डोंगरांवरचा एक धडा होता आणि त्यात पानोपानी हेदर फुललेलं असायचं. आमच्या सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘हेदर : एक प्रकारचे झुडूप’. घरी येऊन शब्दकोश उघडला तर त्यातही तेच. इंग्रजीतल्या निम्म्या झाडांचं मराठी आपल्याकडे ‘एक प्रकारचे झुडूप’ असं आहे आणि उरलेल्या निम्म्यांचं ‘एक प्रकारचे रानफूल’. मग मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं, की भाद्रपदात आमच्या कासच्या पठारावर तेरडा पसरतो तसंच ते असणार. पुढची चाळीस वर्षं या समजुतीवर माझं काही अडलं नाही. मी पोस्टात नोकरीला होते; तिथल्या काउंटरवर हेदरची चौकशी करायला कोण येतंय!

क्रेगीबर्न

माझी मुलगी मुक्ता मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्नमध्ये राहते. ती आणि जावई अनिकेत, दोघंही सॉफ्टवेअरवाले. तिथली घरं नवी कोरी आणि सगळी एकाच साच्यातली. पहिल्या आठवड्यात मी एकटी फिरायला गेले आणि येताना भलत्याच घराची बेल वाजवली. आतून एक पंजाबी आजी आल्या. मी दारावरचा नंबर बघून ओशाळले, तर म्हणाल्या, “कोई नहीं जी, सब घर एक जैसे हैं. आओ, चाय पी के जाओ.” चहात बडीशेप होती. मी दोन कप प्यायले आणि घरी येऊन उशिराचं खरं कारण सांगितलं नाही.

मी मे महिन्यात गेले ती मुक्ताच्या आग्रहावरून. जूनमध्ये तिचा ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाचा समारंभ होता. फोनवर ती म्हणाली होती, “आई, तू तिथे हवीस मला.” मी हो म्हटलं, पण मन मानत नव्हतं. तिकडचं नागरिकत्व घेतलं की आपला पासपोर्ट परत करावा लागतो. त्याच पासपोर्टच्या पोलीस तपासणीसाठी मी सातारच्या चौकीत तीन चकरा मारल्या होत्या, तिचे बाबा तेव्हा आजारी होते म्हणून. आता माझी मुलगी सातारला येणार ती परदेशी नागरिकाचं कार्ड दाखवून, हे काही माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

समारंभ कौन्सिलच्या हॉलमध्ये होता. कुठल्या कुठल्या देशांची माणसं आपापले ठेवणीतले कपडे घालून आली होती. मुक्ता नारायणपेठी नेसली होती. सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली, मग एकेकाचं नाव पुकारलं आणि प्रत्येकाला सर्टिफिकेटबरोबर एक झाडाचं रोप दिलं. तिकडे तशी पद्धत आहे, नव्या नागरिकाला देशी झाड द्यायची. देशी म्हणजे तिकडचं देशी. मुक्ताचं नाव आलं तेव्हा अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझे हात शालीच्या आत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

संध्याकाळी घरी मुक्ताने पेढे केले, दुधाच्या पावडरचे. मी एक घेतला आणि म्हणाले, “ही माझी शेवटची खेप गं. आता काही माझ्याच्याने एवढा प्रवास होत नाही.” गुडघ्यांचं नाव पुढे केलं, पण ते गुडघ्यांबद्दल नव्हतं हे खोलीतल्या तिघांनाही कळलं. अनिकेत उठून भांडी डिशवॉशरमध्ये लावायला लागला.

रोपाचं लेबल मी चष्मा लावून वाचलं. त्यावर ‘कॉमन हीथ’ लिहिलं होतं. व्हिक्टोरिया राज्याचं हे मानाचं फूल, असं मुक्ताने सांगितलं. हेदर आणि हीथ एकाच खानदानातले. स्कॉटलंडकडून आलेल्या लोकांना इथल्या डोंगरांवर हे गुलाबी दिसलं, घरच्याची आठवण झाली, आणि त्यांनी घरचंच नाव देऊन टाकलं. चाळीस वर्षांनी शब्दकोशातलं झुडूप माझ्या ओट्यावर येऊन बसलं होतं आणि ते अगदीच मरतुकडं होतं. बोटाएवढी काडी, त्यावर सुईसारखी बारीक पानं.

मुक्ता म्हणाली, “आई, तुझ्याकडे देते. माझ्या हातात मनीप्लांटसुद्धा टिकत नाही.”

आता सातारला माझ्या गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. गल्लीत कुणाचा गुलाब रुसला तर लोक तो माझ्याकडे आणून ठेवतात, माहेरपणाला ठेवावा तसा. मनात राग होता तो मुलीवर आणि सरकारवर. झाडाने माझं काय वाकडं केलं होतं? मी कामाला लागले. दुकानातून मोठी कुंडी आणवली, कोंबडीच्या खताच्या गोळ्या आणल्या. रोप उपटून मुळं मोकळी करून नव्या मातीत लावलं. चहाचा चोथा घातला. तांदळाचं धुवण रोज. केळ्याच्या साली तीन दिवस भिजवून ते पाणी. एकदा आंबट ताक. पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली, तेव्हा वाटलं, उपाशी आहे. मग मूठभर गोळ्या आणखी.

पंधरा दिवसांत त्याची काडी झाली. वाकवली तर मोडली.

मी ती कुंडी परसातल्या शेडच्या मागे नेऊन उलटी घातली. मुक्ताला सांगितलं, मागे उन्हात ठेवलंय. तिने “बरं” म्हटलं आणि पुन्हा विचारलं नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. पण आतून मी धास्तावले होते. सांगायचं काय? ज्या झाडाबरोबर माझ्या लेकीला तो देश मिळाला, ते मी संपवलं. आणि टाळ्या न वाजवणारी बाई मीच.

ग्रॅम्पियन्सच्या वाटेवर

जुलैच्या मध्यावर मुक्ता म्हणाली, “वीकेंडला ग्रॅम्पियन्सला जाऊ या का? अनिकेतला ऑन-कॉल आहे, आपण दोघीच. तिकडे आत्ता हीथ फुललंय, जंगलात. तुला बघायचं होतं ना?”

मी लगेच हो म्हटलं, आणि पर्समध्ये नखं कापायची छोटी कात्री, ओला करायला एक हातरुमाल आणि प्लास्टिकची पिशवी ठेवली. आयुष्यात मी कुठल्याही गावाहून फांदी घेतल्याशिवाय परतलेली नाही. महाबळेश्वर, म्हैसूर, एकदा तर हरिद्वारच्या धर्मशाळेतून कण्हेर. जंगलातून एक फांदी आणायची, रुजवायची, आणि कुंडी पुन्हा सुलटी करायची. मुक्ताला कळायचं कारणच नव्हतं.

बॅलरॅटच्या पुढे मेंढ्यांची कुरणं लागली. पावसाळी हिरवं गवत, मैलोन् मैल माणूस नाही. गावाच्या नावाची पाटी येते, एक चर्च, एक बेकरी, एक पेट्रोल पंप, आणि गाव संपल्याची पाटी येते. एका बेकरीत थांबलो. मांसाशिवाय काय आहे विचारलं तर बाईने भाज्या भरलेली पेस्टी दिली. करंजीला पैलवानाची शरीरयष्टी आली तर जशी होईल तशी. आतल्या बटाट्याला मिरेपूड सोडून काही माहीत नव्हतं. आम्ही गाडीत बसून तिच्यावर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्ली. मुक्ता म्हणाली, “आई, हे पेटंट घे.” बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी एका गोष्टीवर हसलो.

ग्रॅम्पियन्सचे डोंगर सपाट मुलखातून एकदम उठतात. तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत त्यांना गारिवर्द म्हणतात. ग्रॅम्पियन्स हे नाव स्कॉटलंडातल्या डोंगरांवरून दिलेलं. फुलांसारखे डोंगरही त्यांनी नावं लावून आपले करून घेतले होते. काही उतारांवर वणवा लागून गेलेला. झाडांचे बुंधे कोळशासारखे आणि त्या काळ्या खोडांवरून खालपासून वरपर्यंत हिरवे कोंब फुटलेले. आपल्याकडे झाड जळालं की लाकूडफाटा म्हणून तोडून नेतील. इथे त्याला हात लावत नाहीत, त्याचं ते पाहून घेईल म्हणतात.

हॉल्स गॅप

मुक्कामाचं गाव डोंगराच्या कुशीत आहे. संध्याकाळी मैदानावर कांगारू चरत होते, जशा आपल्याकडे गावाबाहेर शेळ्या. माणसं त्यांच्याकडे बघतही नव्हती.

मोटेलच्या अंथरुणात मला ताप भरला. अर्ध्या तासात अंग भाजायला लागलं, घाम फुटला. मी मुक्ताला हाक मारून म्हणाले, “मला काहीतरी झालंय गं, इथे डॉक्टर मिळेल का?” तिने चादरीखाली हात घातला आणि खाली बसून हसायला लागली. गादीवर विजेचं कांबळं अंथरलेलं होतं आणि त्याचं बटण मीच दिव्याचं समजून शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं होतं. परमुलखात बटणांना हात लावू नये, हा धडा मी घेतला. तिने ते कमी केलं, बंद केलं नाही, आणि मग मला जी झोप लागली ती सातारला डिसेंबरातही लागत नाही.

सकाळी व्हरांड्यात चहा घेत बसलो. मी दशम्या नेल्या होत्या. पिवळ्या तुऱ्याचा एक पांढराशुभ्र काकाकुवा कठड्यावर येऊन बसला, माझ्याकडे मान तिरकी करून पाहिलं, आणि बशीतली दशमी उचलून छपरावर गेला. तिथे एका पायात धरून सावकाश खाल्ली. मला रागही आला आणि बरंही वाटलं; क्रेगीबर्नमध्ये माझ्या दशम्यांना एवढा भाव कुणी दिला नव्हता.

मग आम्ही डोंगरावर निघालो. वाट दगडांतून जाते, दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडं आणि त्यांच्याखाली खुरटी झुडपं. पहिलं वळण घेतलं आणि मला ते दिसलं.

तेरडा नव्हे. पठारच्या पठार रंगवणारं तर नव्हेच. इथे एक, तिथे दोन, खडकांच्या फटीत वाळूसारख्या मातीत उभ्या काड्या, आणि प्रत्येक काडीला बुडापासून शेंड्यापर्यंत बारक्या नळीसारखी फुलं लगटलेली. कुठे गुलाबी, कुठे पांढरी, एका ठिकाणी कुंकवासारखी. चष्मा वर करून जवळून पाहिलं तर प्रत्येक फुलाच्या बुडाशी पाच खळ्या. एवढंसं फूल आणि त्याला पाच खळ्या! शब्दकोशाने हे काही सांगितलं नव्हतं. मी चाळीस वर्षं चुकीचं झुडूप मनात वागवत होते, आणि खरं पाहिल्यावर आनंदच झाला.

मुक्ता फोटो काढत पुढे गेली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी पर्स उघडली, रुमाल पाण्याच्या बाटलीने भिजवला आणि कात्री काढली. कोवळी, न फुललेली फांदी हेरली. पानं बोटांना टोचली.

“ती राहू दे हं, लव्ह. नॅशनल पार्क आहे, इथलं काही नेता येत नाही.”

खडकाच्या पलीकडे एक म्हातारा बसला होता, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर लोकरी टोपी. मी इतकी दचकले की कात्री पायावर पडली. चोर म्हणून आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी पकडलं होतं आणि तेही इंग्रजीत. मी पोस्टाच्या काउंटरवरच्या इंग्रजीत माफी मागितली. सॉरी सर, आय वॉज नॉट अवेअर. हे खोटं होतं; पाटी मी खाली वाचली होती.

“नो वरीज,” तो म्हणाला. “मी त्याची वाट बघतोय.” त्याने बोट दाखवलं. आपल्या शिंजिरासारखा एक पक्षी, लांब वाकडी चोच, एकेका गुलाबी नळीत चोच घालून पुढच्या फुलावर जात होता. “तुम्ही एक फांदी न्याल, तर त्याचा सकाळचा नाश्ता जाईल.”

त्याचं नाव डग. मला बसायला दगडावरची जागा करून दिली. मी विचारलं, याला इथे लोक हेदर म्हणतात का.

“माझी नॅन म्हणायची, माझी आजी. शेवटपर्यंत. लहानपणी स्कॉटलंडहून आली होती ती. खरं हेदर मागवून तीनदा लावलं अंगणात. तीनदा उन्हाळ्याने करपलं. मग तिने नाद सोडला. रविवारी इथे यायची आणि याला हेदर म्हणायची. आम्ही म्हणायचो, नॅन, हे ते नाहीये. ती म्हणायची, मला माहितीये रे, मी काय आंधळी आहे?”

डगची नॅन मला एकदम आवडली. झाड नाही जगलं, तर निदान नाव तरी तिने जगवलं होतं. डगने दुर्बीण मला दिली, मी पक्षी पाहिला, आणि तो टोपीला हात लावून खाली उतरून गेला.

तो गेला आणि मुक्ता वळणावरून आली. माझ्या मांडीवर ओला रुमाल, पिशवी, हातात कात्री.

“आई, काय करतेयस?”

“काही नाही. नखं.”

“डोंगरावर?”

मी कात्री पर्समध्ये टाकली. तीही माझ्या शेजारी बसली, थर्मास काढला, दोघींना चहा ओतला. मग समोर बघत म्हणाली, “कुंडी शेडच्या मागे आहे ते मला माहितीये.”

“कधीपासून?”

“तीन आठवडे झाले. कचऱ्याचा बिन ठेवायला गेले होते.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने थर्मासचं झाकण लावलं. “मला वाटलं, तू मुद्दाम मारलंस.”

आधी संताप आला. मुद्दाम? मी? लोकांनी उकिरड्यावर टाकलेली तुळस उचलून आणून जगवणारी बाई मी! हे सगळं तोंडावर आलं होतं. पण तिचा चेहरा पाहिला. तीन आठवडे ही मुलगी रोज सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन ट्रेनने कामावर जात होती, आणि जाताना हे मनात घेऊन जात होती. आणि तिला तसं का वाटलं हे मला विचारायची गरज नव्हती.

“मुक्ता,” मी म्हणाले, “टाळ्या मी मुद्दाम वाजवल्या नाहीत. झाड मी मुद्दाम नाही मारलं.”

तिने मान हलवली. डोळे पुसले. “दिसत होतीस मला. शपथ घेताना पहिल्या रांगेत तूच दिसत होतीस, हात शालीत घालून. मला शब्द आठवेनात.”

“चुकलं माझं.”

“तुला वाटतं मी सोडून चाललेय.”

“हो, वाटतं. त्या पासपोर्टावर रद्दचा शिक्का बघून मला रडू आलं. तू कामावर गेलेलीस.”

“मलाही आलं होतं,” ती म्हणाली. “पण आई, नऊ वर्षं झाली. मागे मला ताप आला, अनिकेत इंडियात होता, तर शेजारची बाई चार दिवस सूप घेऊन येत होती. शाळा कुठे व्हावी, रस्ता कुठून जावा, सगळे मतं देतात, मी बघत बसायचे. मला यांच्यात मोजलं जायचं होतं. एवढंच. त्यात तू कुठे कमी झालीस?”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. गुलाबी नळ्यांवरून तो पक्षी पुन्हा फिरत आला आणि आम्ही दोघी त्याला बघत बसलो. चहा गार झाला तरी प्यायलो.

उठताना ती म्हणाली, “पण मग ते मेलं कसं? काय घातलंस त्याला?”

मी सांगायला लागले. गोळ्या, चोथा, धुवण, केळ्याच्या साली. ताकापर्यंत आले तेव्हा ती दगडाला टेकून हसत होती. “ताक, आई? ऑस्ट्रेलियन झाडाला ताक?”

“अगं, लुकडं होतं ते. मला वाटलं, परक्या घरी आलंय, चार दिवस नीट खाऊपिऊ घातलं तर बाळसं धरेल.”

परतताना

रविवारी येताना मीच म्हटलं, वाटेत कुठे नर्सरी असेल तर थांबव. एका गावाबाहेर नुसती तिकडची देशी झाडं विकणारी नर्सरी होती. मालकीण शॅरन, माझ्याच वयाची, गुडघ्यापर्यंत गमबूट, नखांत माती. अशा बाईशी माझं कुठल्याही देशात जमतं. तिने विचारलं, आधीच्या रोपाला काय दिलं होतं. मुक्ताने माझ्याकडे बघून सगळी यादी इंग्रजीत वाचली. शॅरनने हातातली झारी खाली ठेवली.

“टू मच टकर, लव्ह,” ती म्हणाली. टकर म्हणजे तिकडच्या बोलीत खाणं. “ही झाडं हजारो वर्षं भिकार मातीवर वाढली आहेत. तुझ्या एका मुठीत त्यांचं आयुष्यभराचं जेवण होतं. खत नाही. साली नाहीत. ते आंबट दूध तर मुळीच नाही.”

“आणि प्रेम?” मुक्ताने विचारलं. तिला आता चेव चढला होता.

“लांबून,” शॅरन म्हणाली, आणि आम्ही तिघीही हसलो. मग तिने मला मागे नेऊन कलमं दाखवली, मी तिला मोगऱ्याची छाटणी कधी करतात ते सांगितलं, आणि मुक्ता अर्धा तास गाडीत बसून राहिली. फुलं नसलेलं, वीतभर उंचीचं एक रोप मी निवडलं. मुक्ताने कार्ड काढलं तर मी तिचा हात मागे सारला आणि माझ्या पर्समधल्या नोटा दिल्या.

क्रेगीबर्नची माती काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. शॅरनने सांगितल्याप्रमाणे आम्ही पुढच्या अंगणात जाड वाळू आणि खडी घालून एक छोटा उंचवटा केला. आधीचं मागे ठेवलं होतं. हे मी म्हटलं पुढे लावायचं, रस्त्यावरून दिसेल असं. पलीकडून बडीशेपेच्या चहावाल्या आजी बघत उभ्या राहिल्या. “ये क्या लगा रहे हो जी?” मी म्हटलं, “हीथ.” त्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

मुक्ताने खुरपं माझ्याकडे दिलं. मी म्हणाले, “नको बाई, माझ्या हाताचा भरवसा नाही आता.”

“तूच लाव. तुझ्या हातचंच पाहिजे मला.”

मी खाली बसले. गुडघे कुरकुरले. मुळं न सोडवता, मातीच्या गोळ्यासकट रोप खड्ड्यात ठेवलं आणि तळव्याने वाळू दाबली. सवयीने उजवा हात आपोआप बाजूला गेला, मूठभर काहीतरी घ्यायला. तिथे काही नव्हतं. हात तसाच रोपापाशी परत आणला. अंगणातल्या नळाचं अर्धा तांब्या पाणी घातलं.

“फुलतं कधी म्हणाली ती?” मी विचारलं.

“पुढच्या हिवाळ्यात. मे-जून.”

“मग मे महिन्याचं तिकीट बघून ठेव.”

मुक्ता माझ्या शेजारी मातीत बसली होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. “ही शेवटची खेप म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते.”

“माझ्या झाडाची फुलं बघायला येणार तू? नागरिकत्वाच्या झाडाची?”

“सरकारने दिलेलं मेलं, मुक्ता,” मी म्हणाले. “हे मी दिलंय.”